दातेकाकांचा केपवाला

दातेकाकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार उघडून "या" म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "मूळ डिस्क आणलीत का?"

मी पिशवीतून काढून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डिस्क उलटसुलट बघितली, वेष्टनामागचा बारीक मजकूर वाचला आणि मग आत वळून म्हणाले, "सुमन, मॅडम आल्या. डिस्क आहे त्यांच्याकडे."

"बरं झालं," काकू आतून म्हणाल्या. "नाहीतर जिन्यातूनच परत पाठवलं असतं तुला. माझ्या मावसभावाला पाठवलं होतं. सांगलीहून आला होता बिचारा."

"त्याच्याकडे पेनड्राइव्ह होता," काका म्हणाले. जणू मावसभावाकडे चाकू होता.

ही डिस्क एका जुन्या, गाजलेल्या इंग्रजी सिनेमाची. त्यात राखाडी केप घातलेला एक माणूस उडतो, वादळं अडवतो आणि एक बंदराचं शहर बुडण्यापासून वाचवतो. दाते कुटुंबात त्याला 'केपवाला' म्हणत. सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. काकांनी त्या सिनेमाचं जे केलं ते कायद्यात कितपत बसतं याचा मला अंदाज आहे, आणि मी कस्टम्समध्ये नोकरी करते.

काका तो सिनेमा कापत असत. घरच्या संगणकावर बसून त्याचे तुकडे करायचे, ते वेगळ्या क्रमाने जोडायचे, काही टाकून द्यायचे आणि नवीन सिनेमा तयार करायचा. असे लोक जगभर आहेत म्हणे. एकमेकांना आपापल्या आवृत्त्या पाठवतात, भांडतात, नियम करतात. त्यातला पहिला नियम असा की ज्याने मूळ सिनेमा विकत घेतलेला नाही, त्याला कापलेला दाखवायचा नाही. काका हा नियम पाळत. म्हणून मी कोलकात्यात एस्प्लनेडच्या फुटपाथवर दोन शनिवार घालवून ती डिस्क शोधली आणि तो सिनेमा आधी एकटीने पूर्ण बघितला. मला आवडला. तसं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आवडणारच. चुका कळत नाहीत पहिल्यांदा."

मी परभणी जिल्ह्यातली. वडील एसटीत कंडक्टर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. कोलकात्याला बदली झाली तेव्हा आईला वाटलं, मला शिक्षा झाली. मी म्हटलं, शिक्षा असती तर आदेशात तसं लिहिलं असतं, सरकार काही लाजत नाही.

खिदिरपूरच्या गोदीत दातेकाका एका जहाज-एजंटाच्या कंपनीत होते आणि कागद घेऊन माझ्या टेबलाशी येत. अंगाने किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. ते बंगाली इतकं सराईत बोलत की मी त्यांना बंगालीच समजत होते. एकदा मी फोनवर धाकट्या भावाला झापत होते. परीक्षेचा फॉर्म भरला नव्हता त्याने. समोर कुणाला मराठी कळत नाही या भरवशावर मी चांगलाच आवाज चढवला होता. फोन ठेवला तर समोर दाते, फाइल छातीशी धरून. म्हणाले, "शेवट जरा लांबला, मॅडम. 'तुझ्यासारखा तूच' इथंच थांबायला हवं होतं."

तीन पिढ्या भवानीपुरात राहिलेलं घर. महाराष्ट्राला ते 'देश' म्हणत आणि देशात बोटांवर मोजण्याइतक्या वेळा गेलेले. मला शेवटपर्यंत ते 'मॅडम' म्हणत, घरीसुद्धा, पुरणपोळी वाढतानासुद्धा.

त्यांचा स्वतःचा असा एक नियम होता, आणि तो त्यांनी नोकरीतून उचलला होता. जहाजावर जो माल चढलाच नाही, तो बंदरात उतरवता येत नाही. कागदावर कितीही दाखवा. तसंच सिनेमाचं. जे चित्रित झालंय तेवढ्यातूनच काय ते करायचं. बाहेरचं एक चित्र घ्यायचं नाही, संगणकावर काही रंगवायचं नाही, कुणाच्या तोंडी नवीन शब्द घालायचे नाहीत. आजकालची मुलं यंत्राकडून नटांना हवं ते बोलायला लावतात असं कुणी म्हटलं की काका म्हणत, "चढलं नव्हतं ते."

या नियमामुळेच त्यांचं काम इतकी वर्षं अडून होतं. कारण त्यांना एका माणसाला वाचवायचं होतं.

सिनेमाच्या मध्यावर एक म्हातारा मरतो. बंदराच्या तोंडाशी एक दीपगृह आहे, तिथला हा रखवालदार. केपवाल्याला लहानपणी त्यानेच सांभाळलेलं असतं. वादळाची रात्र येते, म्हातारा दीपगृहात अडकतो, केपवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो. तो जिवाच्या आकांताने उडत येतो, पण पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. मग तो चवताळतो आणि उरलेल्या तासाभरात सगळ्या दुष्टांना लोळवतो.

"मला एक सांगा, मॅडम," काका म्हणत, "कुणी मेल्याशिवाय माणूस कामाला लागत नाही का? आपण रोज साडेनऊला लागतोच ना?"

यावर उत्तर तपनदांकडे होतं.

तपनदा म्हणजे त्याच गल्लीतले निवृत्त बँकवाले, काकांचे बालमित्र आणि कापाकापीतले प्रतिस्पर्धी. दोघं एकच सिनेमा कापत. तपनदांच्या आवृत्तीत मारामारी अजिबात नव्हती. केपवाला पाण्याकडे बघत उभा आहे, पाऊस पडतोय, म्हातारा मरतो, केपवाला परत पाण्याकडे बघतो. मी ती पूर्ण बघितली आहे. मधे दोनदा चहा झाला, तरी तो पाण्याकडेच बघत होता.

"शोक ना होले हीरो होय ना, दाते," तपनदा म्हणत. दुःखाशिवाय नायक होत नाही.

"तुझा नायक नाहीच आहे तो. हवामान खात्यातला आहे."

"आणि तुझा? तुझा वेळेवर पोचणारा पोस्टमन."

"पोचतो ना पण!"

अशी भांडणं काकूंच्या हातच्या साबुदाण्याच्या खिचडीवर चालत. तपनदांना खिचडी इतकी आवडे की काकूंना विचारून ते एकादशी लक्षात ठेवत.

काकांच्या आवृत्त्यांना क्रमांक नव्हते, नावं होती. ज्या ठिकाणी कल्पना सुचली त्या ठिकाणाचं नाव. 'खिदिरपूर' ही लांब, जड. 'सियालदह' ही तिथल्या स्टेशनवर सुचलेली, तिच्यात सगळी माणसं नुसती धावतायत, कोण कुठे चाललंय कळत नाही. 'एस्प्लनेड' अशी एक फाइल होती, ती त्यांनी कधीच कुणाला दाखवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ती अजून रिकामी आहे."

एकदा गणेशोत्सवात तिथल्या मराठी मंडळाने मुलांसाठी सिनेमा दाखवायचं ठरवलं. काकांनी स्वतःहून सांगितलं की मी आणतो. मंडळातल्या कुणाकडेही मूळ डिस्क नव्हती. मुलं लहान आहेत म्हणून काकांनी ही एक सूट दिली, आणि पालकांकडून 'उद्या विकत घेऊ' असं तोंडी वचन घेतलं. सिनेमा सुरू झाला. केपवाला उठला, उडाला. धरण फुटायच्या आधीच तिथे पोचला. आगगाडी रुळावरून घसरायच्या आधीच तिथे पोचला. दुष्ट माणसाने फक्त भुवई उंचावली होती, तोवर केपवाला त्याच्या खिडकीत. काकांनी काट मारून मारून त्याला सगळीकडे वेळेवर पोचवलं होतं, त्यामुळे काही घडायचंच राहिलं. दीपगृहात जायचीही वेळ आली नाही. अर्ध्या तासात 'समाप्त'.

एक मुलगी उभी राहून म्हणाली, "काका, फायटिंग कुठाय?"

"गरज पडली नाही, बाळ."

"मग सिनेमा कशाला काढला?"

मंडळाचे अध्यक्ष माइकवर म्हणाले की चित्रपट सुटसुटीत होता, आता अथर्वशीर्ष घेऊ या. घरी जाताना ट्रॅममध्ये काका अगदी खूश होते. "कुणाला एक ओरखडा उठला नाही, मॅडम. बघितलंत?"

काकूंना मात्र ही आवृत्ती अजिबात पसंत नव्हती. काकू खऱ्या परीक्षक. हातात काहीतरी निवडायचं काम घेऊन त्या दिवाणावर बसत आणि मान खाली घालूनच बघत. एका आवृत्तीत काकांनी म्हाताऱ्याला वाचवलं होतं. नंतरच्या प्रसंगात तो जिवंत दिसायला हवा, म्हणून सुरुवातीचा त्याचा चहा पितानाचा तुकडा त्यांनी उजवा-डावा उलटवून शेवटी लावला होता, म्हणजे नवा वाटावा. काकूंनी भाजीतून मान वर न करता विचारलं, "हा डावखुरा कधी झाला?"

काकांनी संगणक बंद केला. दोन महिने त्यांनी त्याला हात लावला नाही.

पण तो शेवटचा तुकडा काकांनी तेवढाच वेगळा लावला होता, म्हणून काकूंनी बघितला. एरवी वादळ सुरू झालं की त्या उठून जात. "दूध बघून येते." कधी कुकर, कधी दारावर कुणी आलंय असं वाटलं. सिनेमा कोणत्याही आवृत्तीचा असो, म्हातारा वाचणार असो की मरणार असो, आकाशात पहिली वीज चमकली की काकू स्वयंपाकघरात. त्यानंतर त्या परत येत नसत. काकांनी त्या सिनेमावर अर्धं आयुष्य घातलं, आणि ज्या एका माणसासाठी घातलं त्या माणसाने त्याचा उत्तरार्ध कधी बघितलाच नव्हता.

याचं कारण मला काकूंनीच सांगितलं, पीठ मळता मळता, भाजीचा भाव सांगावा तसं.

लग्न होऊन त्या सांगलीहून कोलकात्याला आल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे वडील गेले. तार आली. हावड्याहून गाडी, दोन रात्री, मग पुढे बदलायची. "पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. माणसं हात धुऊन बसली होती. मला कुणी काही म्हटलं नाही. लांबून आली म्हणून चहा दिला." त्या परतल्यावर काकांना वाटलं, हिला जरा बाहेर न्यावं. एस्प्लनेडला हा सिनेमा परत लागला होता. उडणाऱ्या माणसाचा सिनेमा, गमतीचा असणार, यात कोण मरतंय, असा त्यांनी विचार केला.

"तो केपवाला धावत आला ना, आणि तो म्हातारा..." काकूंनी पिठाचा गोळा उलटा केला. "मी उठले. हे मागोमाग आले. ट्रॅममध्ये बसल्यावर म्हणाले, कापायला हवं होतं ते."

"आणि मग कापायला लागले?"

"त्या वेळी कुठं कॉम्प्युटर होता! पंधरा-वीस वर्षं नुसते तोंडानेच कापत होते. जेवताना. इथे असं हवं होतं, तिथे तसं हवं होतं. घरात तो म्हातारा जेवायला असल्यासारखं वाटायचं."

"तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही, की राहू द्या म्हणून?"

"का सांगू? दुसऱ्यांचे नवरे पत्ते खेळतात."

काका निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या बदलीचा आदेश आला, न्हावा-शेव्याला. त्याच सुमारास काकांच्या सिनेमे कापणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी परदेशातून त्या सिनेमाची एक लांब प्रत पाठवली. टीव्हीवर दाखवताना वेळ भरून काढायला पूर्वी तिकडे सिनेमे लांबवत. एरवी कापून टाकलेलं त्यात ठेवून देत. काका आठवडाभर ती प्रत बघत होते. मग एका सकाळी त्यांचा मला ऑफिसात फोन आला. काकांनी मला कधी फोन केला नव्हता.

"मॅडम, चढलाय."

"कोण?"

"माल. म्हाताऱ्याने डोळे उघडलेत."

संध्याकाळी मी गेले. तपनदा आधीच येऊन बसले होते, तोंड पाडून. काकांनी तो तुकडा लावला. म्हातारा निपचित पडला आहे. केपवाला गुडघ्यांवर. मूळ सिनेमात हा शॉट इथे तुटतो. या प्रतीत तो तसाच पुढे चालू राहतो, आणि अगदी शेवटी म्हातारा डोळे उघडतो आणि जरा बाजूला बघतो.

"हा म्हातारा जिवंत नाही," तपनदा मला म्हणाले. "हा नट जिवंत आहे. शॉट संपला असं वाटलं म्हणून त्याने डोळे उघडले. चहा आला का ते बघतोय!"

"फरक काय?" काका म्हणाले.

"दाते, ही चूक आहे!"

"चूक असेल. पण चित्रित झाली आहे."

काकांच्या नियमात ते बसत होतं आणि तो नियम तपनदाही मानत होते. एवढं मात्र खरं, की त्यांनी त्या दिवशी खिचडी घेतली नाही.

मी निघाले त्या रविवारी दुपारी काकांनी 'एस्प्लनेड' दाखवली. तपनदा होते, मी होते, काकू होत्या. काकांनी सकाळीच घरातलं दूध तापवून घेतलं होतं, कुकर लावू दिला नव्हता आणि दाराची बेल काढून ठेवली होती. काकूंनी हे सगळं बघितलं आणि हातात काहीही काम न घेता दिवाणावर येऊन बसल्या. मी त्यांना तसं रिकाम्या हाताने बसलेलं पूर्वी बघितलं नव्हतं.

वादळ आलं. पहिली वीज चमकली. काकूंचे पाय चपलांकडे गेले, आणि तिथेच थांबले.

केपवाला आला. गुडघ्यांवर बसला. म्हाताऱ्याने डोळे उघडले. लगेच काट, सकाळ झाली आहे, केपवाला उडतो आहे, खाली दीपगृह उभं आहे. पुढे सगळी मारामारी होती, पण तो रागाने नाही, कामाला लागावं तसा मारत होता, आणि गंमत म्हणजे ते पटत होतं. सिनेमा संपला. तपनदांनी नाक पुसलं आणि बंगालीत म्हणाले, "होयेछे. झाला, दाते. हरलो मी."

काका काकूंकडे बघत होते.

"चांगला झालाय," काकू म्हणाल्या. "कुठे खटकत नाही." मग थोड्या वेळाने, "आता मूळचा लावा."

"मूळचा कशाला?"

"तो किती उशिरा आला होता ते बघू दे मला एकदा."

"सुमन, आता काय गरज आहे त्याची?"

"वर्षा, तुझ्या पिशवीत असेल ना तुझी?"

माझी डिस्क सामानात बांधली गेली होती. पण काकांचीच कपाटात होती, समोर, आणि ती कुठे आहे हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ती मी लावली. काका उठून गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. तपनदाही चप्पल शोधायला लागले, पण काकू म्हणाल्या, "बसा हो, तपनदा," आणि ते बसले.

पुन्हा वादळ. पुन्हा तो उडत आला. या खेपेला म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत. काकूंचा चेहरा मला बाजूने दिसत होता, त्यावर काही हललं नाही. आणि मग जे येतं ते त्यांनी कधीच बघितलेलं नव्हतं. कारण तेव्हा त्या थिएटरबाहेर होत्या आणि घरात स्वयंपाकघरात. काकांच्या आवृत्त्यांत तर ते असणं शक्यच नव्हतं. म्हातारा वाचल्यावर त्याची गरजच उरत नाही.

केपवाला लगेच उडून जात नाही. तो खुंटीवरचा म्हाताऱ्याचा कोट काढून त्याच्यावर नीट पांघरतो. मग ओला केप ओढत दीपगृहाचा जिना चढतो. उडत नाही, पायांनी चढतो. वर दिवा विझलेला आहे. त्याला तो लावता येत नाही, काड्या भिजतात, पुन्हा पुन्हा विझतात. शेवटी लागतो. तो तिथेच बसून राहतो, उजाडेपर्यंत, एका हाताने काच धरून. खाली अंधारात एकेक जहाज वळतं आणि बंदरात शिरतं. संगीत नाही, बोलणं नाही. फार लांब चालतं ते.

काकूंनी मान वळवली. "अहो."

काका गॅलरीच्या दारात आले.

"हे का कापलंत?"

काकांनी पडद्याकडे बघितलं. तिथे अजून एक जहाज येत होतं. त्यांनी चष्मा काढला, बुशशर्टाच्या टोकाला पुसला.

"लांबत होतं," ते म्हणाले.

"लांबू द्या," काकू म्हणाल्या. "मागे घ्या जरा. तो जिना चढतो तिथपासून."

माझी गाडी संध्याकाळची होती. मी जिन्याच्या दारातून वळून "येते हं" म्हटलं, ते कुणी ऐकलं नाही. तपनदा डोळे मिटून बसले होते. काका दिवाणाच्या कडेला टेकले होते, हात गुडघ्यांवर ठेवून, दुसऱ्याच्या घरी सिनेमा बघायला आलेल्या माणसासारखे.